कळसूबाई-भंडारदरा, दोघांचा शनिवार-रविवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रुपने जाणाऱ्यांना फारसे प्रश्न पडत नाहीत, लीडर सांगेल तसं चालायचं. जोडीने जाणाऱ्यांना मात्र खोलीपासून शिडीपर्यंत सगळं विचारायचं असतं आणि ते बरोबरच आहे, कारण वाटेत निर्णय घ्यायला दोघंच असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, फक्त क्रमांक दिला आहे.

1. कळसूबाई नेमकं कुठे आहे? दोघांच्या पहिल्या ट्रेकला हेच का सुचवता?

अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीला लागून. उंची 1646 मीटर, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पायथ्याचं गाव बारी, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

सुचवायचं कारण उंची नाही. इथली वाट मळलेली आहे, चुकायला फारसा वाव नाही. बारीत घरगुती जेवण आणि मुक्काम मिळतो. शिवाय भंडारदऱ्याचं धरण जवळच आहे, त्यामुळे एकाचे पाय बोलायला लागले तरी दुसरा दिवस वाया जात नाही. अलंग-मदन-कुलंग किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ही दोर आणि अनुभव लागणारी कामं आहेत, त्यांचा विचार या पानावर नाही.

2. दोन दिवसांचा कार्यक्रम कसा लावायचा?

शुक्रवारी रात्री पायथ्याशी पोचा. शनिवारी सकाळी सहाला बारी सोडा. हनुमानाचं देऊळ मागे टाकलं की शेतं संपून चढ लागतो. मध्यम चालीने साडेतीन तासांत माथा. वर अर्धा-पाऊण तास पुरतो. दोनच्या आसपास खाली येऊन जेवा आणि झोपा. हो, झोपाच. संध्याकाळी धरणाजवळच्या शेंडी गावात जाऊन धरणाकाठी चहा. या भंडारदरा धरणाचं, म्हणजे विल्सन धरणाचं, काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये संपलं. भिंतीखालची हिरवळ आणि पाणी सोडलेलं असेल तेव्हा दिसणारा अंब्रेला धबधबा एवढ्यावर संध्याकाळ आरामात जाते.

रविवारी धरणाच्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता धरा: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की पायाखाली थेट ठाणे जिल्हा. ढग असतील तर काहीच दिसत नाही, पण ते काहीच-न-दिसणंही बघण्यासारखं असतं. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ चुकवू नका. काळ्या दगडाचं, शिलाहारांच्या काळातलं मानलं जाणारं, आणि बाहेरून जितकं कोरलंय तितकंच आतूनही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचून पिंडी बुडते. शेजारच्या पुष्करणीच्या कोनाड्यांतल्या मूर्तीही नीट बघा, बहुतेक लोक फोटो काढून निघतात. वेळ उरला तर परतीला रंधा धबधबा. प्रवरेचं सगळं पाणी तिथे 50 मीटरच्या वर उंचीवरून कोसळतं. कठड्याच्या अलीकडूनच बघायचा.

3. शनिवारी कळसूबाई आणि रविवारी रतनगड, दोन्ही होणार नाही का?

होईल. दोघंही नियमित चालणारे असतील तर आरामात होईल. तरी आम्ही नको म्हणतो. कळसूबाईच्या उतरणीनंतर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, आणि रतनगडाच्या शिड्या उतरताना त्याच मांड्या लागतात. दोघांपैकी एक जण मग दिवसभर दात आवळून चालतो आणि दुसऱ्याला ते कळत नाही, किंवा कळूनही चालावंच लागतं.

रतनगड खरं तर स्वतंत्र दिवस मागतो. रतनवाडीहून जंगलातून अडीच-तीन तासांची चाल, मग शिड्या, गणेश दरवाजा, वर कड्याला आरपार पडलेलं नेढं. त्या नेढ्यात बसलं की वारा कानाखाली वाजवतो. वाटेत सुरुवातीला प्रवरेचा प्रवाह ओलांडावा लागतो, तो मोठ्या पावसात अडवतो. पुढे जंगलात एक फाटा कात्राबाई खिंडीकडे, हरिश्चंद्रगडाच्या दिशेने जातो. नवखे तिथे हमखास चुकतात, म्हणून गावातला वाटाड्या घ्या.

दोनपैकी एकच निवडायचं असेल तर: ज्यांना शिखर गाठल्याचं समाधान हवं त्यांनी कळसूबाई, ज्यांना किल्ला आणि जंगल हवं त्यांनी रतनगड. दोघांचं मत वेगळं पडलं तर कमी चालणाऱ्याचं ऐका.

4. कोणत्या महिन्यात जावं?

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. पाऊस ओसरलेला, ओढे अजून वाहते, उतारांवर सोनकीची पिवळी फुलं आणि खाली भाताची खाचरं पिकायला आलेली. नवरात्रात मात्र शिखरावर देवीची जत्रा असते. आसपासच्या गावांतून लोक नऊ दिवस येत असतात. जत्रा बघायची असेल तर जरूर जा, निवांतपणा हवा असेल तर आठवडाभर पुढे ढकला.

जुलै-ऑगस्टमध्ये फोटोत दिसतं ते सगळं असतं आणि फोटोत न दिसणारी गर्दीही असते. घाटघरला नगरचं चेरापुंजी म्हणतात ते उगीच नाही. शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांग लागते. ओल्या कपड्यात, वाऱ्यात, अर्धा तास एका जागी उभं राहणं हा या ट्रेकमधला सगळ्यात थकवणारा भाग. पावसाळ्यातच यायचं असेल तर एक दिवस रजा टाका आणि मधल्या वारी चढा. अतिवृष्टीचा इशारा असेल तेव्हा प्रशासन धबधबे आणि गडवाटांवर बंदी घालतं. निघण्याआधी ज्यांच्याकडे मुक्काम ठरलाय त्यांनाच फोन करून विचारा, खरी परिस्थिती त्यांना माहीत असते.

डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ. माथ्यावरून अलंग-मदन-कुलंग, रतनगड आणि लांबवर हरिश्चंद्रगड ओळखता येतो. थंडी चांगलीच असते, सकाळी कानटोपी लागतेच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पाचला निघायची तयारी असेल तरच, कारण वाटेवर सावली जवळजवळ नाही. मे अखेरचा विषय वेगळा, तो प्रश्न 17 मध्ये.

5. गाडी नाही. लोकल आणि एसटीने जमेल का?

मुंबईहून कसारा लोकल. ट्रेकरांची ठरलेली गाडी म्हणजे मध्यरात्रीच्या सुमाराची शेवटची कसारा. पण दोघांसाठी ती कशाला? पहाटे तीनला कसाऱ्याला उतरून जीपवाल्याशी भाव करायचा आणि झोपेशिवाय चढायला लागायचं. शुक्रवारी संध्याकाळीच निघा. कसारा किंवा इगतपुरीहून घोटी, घोटीहून बारीकडे जाणारी एसटी किंवा काळी-पिवळी. रात्री उशिरा घोटीच्या पुढे वाहन मिळायची खात्री नसते, म्हणून मुक्कामाच्या घरी सांगून ठेवा. गावातली जीप घ्यायला येते.

पुण्याहून नाशिक गाडीने संगमनेर, तिथून अकोले-राजूरमार्गे शेंडी. नाशिककरांना घोटी जवळच आहे.

एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. नवरा-बायको मिळून दीड तिकिटात जाता, ही या सहलीतली सगळ्यात सोपी बचत. रविवारच्या वळशासाठी (प्रश्न 2) मात्र शेंडीतून दिवसाची जीप ठरवावी लागते. त्या रस्त्याला एसटीच्या भरवशावर राहू नका.

6. बाईकवर येतोय. समृद्धीने इगतपुरीला उतरू का?

नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. जुना मुंबई-नाशिक महामार्ग, कसारा घाट, घोटी असंच यावं लागेल. घाटात धुकं आणि अवजड गाड्या दोन्ही असतात, तेव्हा अंधार पडायच्या आत घाट चढून जा. पेट्रोल घोटीला भरून घ्या.

7. मुक्काम शेंडीत करावा, बारीत की रतनवाडीत?

सकाळी कळसूबाई असेल तर बारी. घरापासूनच पायवाट सुरू होते आणि अंघोळ उरकून सहाला निघता येतं. गरम पाणी, स्वच्छ बाथरूम आणि खिडकीतून तलाव हवा असेल तर शेंडी-भंडारदरा: तिथे हॉटेलं आहेत, पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही आहे. रतनवाडीत देऊळ आणि शांतता, पण मोबाईलला रेंज कमी.

बारीतल्या घरी मुक्काम म्हणजे पडवीत किंवा वेगळ्या खोलीत गादी, चुलीवरचं पाणी, रात्री पिठलं-भाकरी. स्वतंत्र खोली हवी असेल तर आधी स्पष्ट सांगा. 'राहायची सोय आहे' याचा अर्थ एका हॉलमध्ये पंधरा जण असाही होतो. तांदळाची भाकरी मिळाली तर नाचणी मागत बसू नका, हा भाताचा मुलूख आहे. बियाणं जपण्यासाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. घरचा तांदूळ विकत मिळत असेल तर दोन किलो घेऊन या. रोख पैसे ठेवा, रेंज गेली की ऑनलाइन पैसेही जात नाहीत.

8. आमचं लग्न झालेलं नाही. खोली मिळेल का?

दोघंही सज्ञान असाल तर तुम्हाला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. अडचण कायद्याची नसते, मालकाच्या नियमाची असते. काही ठिकाणी 'फक्त फॅमिली' असं धोरण असतं आणि ते बुकिंग करताना सांगत नाहीत, काउंटरवर सांगतात. म्हणून फोनवरच विचारा: "दोघंच आहोत, लग्न झालेलं नाही, दोघांचं आधार आहे, चालेल ना?" हो म्हणाले तर मेसेजवर लेखी घ्या. ओळखपत्र दोघांचंही लागतं, एकाचं चालत नाही.

गावातल्या घरी राहणार असाल तर तिथल्या मावशींना खोटं सांगायची गरज नाही आणि सगळं सांगायचीही नाही. त्या कुटुंबाच्या घरात राहतोय एवढं भान ठेवलं तर कुणी खोलात शिरत नाही. मात्र अंगणात मोठ्याने गाणी, दारूच्या बाटल्या, उशिरापर्यंत गोंधळ याला लग्न झालेल्यांनाही माफी नसते.

9. आमच्यातल्या एकाने आजवर ट्रेक केलेला नाही. झेपेल का?

बारीपासून माथ्यापर्यंत साडेआठशे-नऊशे मीटर चढ आहे. सिंहगड आतकरवाडीतून पायी चढून धड बोलता येण्याइतका दम उरत असेल तर कळसूबाई झेपेल, त्याहून बराच जास्त वेळ लागेल एवढंच. गड जवळ नसेल तर महिनाभर आधीपासून एक दिवसाआड पंधरा-वीस मजले जिने चढा, आणि उतराही. गुडघे चढताना दुखत नाहीत, उतरताना दुखतात.

नवे बूट ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. गावात बांबूची काठी मिळते, ती घ्या आणि येताना परत करा.

10. शिड्यांची भीती वाटते. त्या टाळता येतात का?

लोखंडी शिड्या आहेत, दोन्ही बाजूला धरायला कठडे. खालच्या एक-दोन ठिकाणी शिडीशेजारून जुनी कातळावरची वाटही दिसते, स्थानिक लोक पळत जातात. तुम्ही जाऊ नका, ओल्या कातळावर तर मुळीच नाही. शिडीच सुरक्षित आहे.

चढताना हात मोकळे: मोबाईल, काठी, छत्री सॅकमध्ये. उतरताना तोंड शिडीकडे. भीती वाटणाऱ्याने वर जाताना पुढे राहावं आणि जोडीदाराने दोन पायऱ्या सोडून मागून यावं. उतरताना जोडीदार आधी खाली. एकमेकांचा हात धरून शिडी चढायची नाही. चित्रात छान दिसतं, प्रत्यक्षात दोघांचाही तोल जातो. खालून कुणी "लवकर चला" म्हणत असेल तर म्हणू द्या.

पहिल्या शिडीवरच पाय थरथरायला लागले तर तिथूनच परत फिरा. पुढच्या याहून सोप्या नाहीत.

11. एक जण भराभर पुढे जातो, दुसरा मागे राहतो आणि मग भांडण होतं. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि दोन्ही बाजूंनी येतो.

पावसाळ्यातल्या एका रविवारी शिडीच्या तोंडाशी दिसलेलं दृश्य: तो वरून ओरडतोय, "अगं ये ना, काही नाहीये, सोप्पंय!" ती खाली दगडावर बसून अगदी शांतपणे बुटाची नाडी सोडतेय आणि परत बांधतेय. आजूबाजूचे पंचवीस जण दोघांचं ऐकतायत. त्याला वाटत होतं तो धीर देतोय. तिला ऐकू येत होतं की तिला न जमणारी गोष्ट सोप्पी आहे.

उपाय साधा आहे: हळू चालणाऱ्याने पुढे चालायचं. मागचा आपोआप त्या चालीवर येतो. वेगाने चालणाऱ्याला पुढे जाऊन थांबायची सवय असते. तो दहा मिनिटं बसतो, दम खातो, आणि दुसरा धापा टाकत पोचला की उठून म्हणतो, "चल." म्हणजे विश्रांती एकालाच मिळाली. थांबायचं तर दोघांनी मिळून, आणि थांबा संपला हे हळू चालणाऱ्याने सांगायचं.

निघण्याआधी परतीची वेळ ठरवून ठेवा. अकरा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा दिसत असला तरी. हे घरी चहा पिताना ठरवलं तर पाच मिनिटांत ठरतं. शेवटच्या शिडीखाली ठरवायला गेलात तर एक जण खलनायक होतो.

आणि बोलण्यासारखं काही नसेल तर न बोलता चाला. चढावर गप्प राहणं म्हणजे रुसणं नव्हे.

12. दोघांत एकच सॅक चालेल का? तीत काय घ्यावं?

दोन लहान घ्या. एकच मोठी सॅक म्हणजे एकाची पाठ आणि दुसऱ्याचं पाणी अशी विभागणी होते, आणि गर्दीत ताटातूट झाली तर दोघांचीही पंचाईत. प्रत्येकाकडे स्वतःचं दोन लिटर पाणी, विजेरी, थोडा सुका खाऊ, औषधं, ओळखपत्र. बाकीचं वाटून घ्या.

पावसाळ्यात सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सामान तिच्यात भरा, बाहेरचं कव्हर वाऱ्यात उडतं. छत्री माथ्यावर उलटी होते, पोंचो किंवा रेनकोट बरा. कोरड्या कपड्यांचा एक जोड खाली खोलीवर ठेवून जा. जीन्स नको, भिजली की वजन होतं. अत्तर, डिओ मारून येऊ नका: सह्याद्रीत कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि तीव्र वास, धूर, आरडाओरडा याने माश्या उठतात.

13. वर खायला-प्यायला मिळतं का?

मोसमात शनिवार-रविवारी वाटेवर गावकऱ्यांच्या टपऱ्या असतात: लिंबू सरबत, ताक, भजी, मॅगी, चहा. मधल्या वारी यातलं काहीच नसेल असं धरूनच निघा. शेवटच्या टप्प्याजवळ विहीर आहे. पाणी गाळून किंवा शुद्ध करूनच प्या. टपरीवर वरचे दर जास्त वाटले तर आठवा की ते सिलिंडर आणि पाणी कुणीतरी डोक्यावरून वर आणलंय. रिकामी बाटली खाली आणायचं काम तुमचं.

14. वाटेत शौचालय आहे का? पाळी आली तर ट्रेक रद्द करावा का?

बारी सोडल्यावर आहे असं धरू नका. सकाळी खोलीवरूनच सगळं उरकून निघा, म्हणूनही बारीतला मुक्काम बरा (प्रश्न 7). बायका पाणी कमी पितात, असल्या अडचणीमुळेच, आणि मग चक्कर येते. तसं करू नका. वाट सोडून आडोसा मिळतो, जोडीदाराने वाटेवर उभं राहायचं.

पाळीमुळे ट्रेक रद्द करायची गरज नाही. पोटात दुखत असेल, थकवा असेल तर तो वेगळा मुद्दा, त्याचं उत्तर शरीरच देईल. वापरलेली पॅड कागदात गुंडाळून बंद पिशवीत खाली आणा, दगडाखाली ठेवू नका. वरच्या देवळात जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

15. शिखरावर तंबू ठोकून राहायचंय. परवानगी आहे का?

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो, 1986 पासून. प्रवेशाला वनखात्याच्या नाक्यावर शुल्क द्यावं लागतं. अभयारण्यात आग पेटवायला कायद्याने मनाई आहे, म्हणजे शेकोटी आणि बार्बेक्यू बाद. मुक्कामाचे नियम नाक्यावरच विचारा, समाजमाध्यमांवरच्या तंबूच्या जाहिरातीवरून ठरवू नका.

नियम बाजूला ठेवले तरी माथा अगदी लहान आहे आणि वारा रात्रभर थांबत नाही. तंबूच हवा असेल तर भंडारदऱ्याच्या काठावर गावकरी लावून देतात. तिथे सुट्टीच्या दिवशी शेजारी कर्णा वाजत नाही ना, हे आधी विचारून घ्या.

16. रात्री चढून वर सूर्योदय बघता येईल का?

लोक बघतात. दोघंच असाल आणि वाट पहिल्यांदाच करत असाल तर गावातला माहितगार बरोबर घेतल्याशिवाय नको. शिड्या अंधारात, दवाने ओल्या, आणि शुक्रवारची झोप गेलेली (प्रश्न 5). पावसाळ्यात तर सूर्य उगवला की नाही हे घड्याळातच बघावं लागतं. हिवाळ्यात पहाटे साडेचारला निघून अर्ध्या वाटेवर उजाडलेलं बघणं हा मधला मार्ग, आणि तो वरच्या सूर्योदयापेक्षा फारसा कमी नाही.

17. काजवे बघायला कधी यायचं? तेव्हा ट्रेकही होईल का?

मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या मोठ्या पावसाच्या आत. घाटघर, उडदावणे, रतनवाडी या पट्ट्यात सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचे थवे बसतात आणि अख्खं झाड एका तालात उजळतं-विझतं. पुरुषवाडीही त्यासाठी प्रसिद्ध आहे.

त्या दिवसांत चढाई अगदी पहाटे करा, उकाडा असह्य असतो. दुपारी झोप, रात्री काजवे. गाडीचे दिवे बंद, विजेरी खाली धरलेली, फ्लॅश नाही. झाडाखाली जाऊन उभं राहू नका: मादी जमिनीलगत असते, पायाखाली येते. शनिवारी रात्री त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची इतकी रांग लागते की काजव्यांपेक्षा ब्रेकचे दिवेच जास्त दिसतात. शक्य असेल तर गुरुवार-शुक्रवार गाठा.

18. सांदण दरी दोघांनीच करावी का?

साम्रदजवळची ही अरुंद घळ. सुरुवातीला दोन ठिकाणी पाण्यातून चालावं लागतं, पुढे दगडांचा खच. पहिल्या मोठ्या उतारापर्यंत जाऊन परत येणं वाटाड्याबरोबर जमतं. त्यापुढे दोर लावून उतरून खाली डेहण्याकडे जाणं हे अनुभवी गटाचं काम. पावसाळ्यात अजिबात नाही: घळीत अचानक पाण्याचा लोंढा येतो आणि बाजूला व्हायला जागाच नसते.

19. गरोदर आहे / दमा आहे / गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जाऊ का?

डॉक्टरांना 'ट्रेक' एवढंच सांगू नका. 'साडेतीन तास चढ, लोखंडी शिड्या, वाहन पोचत नाही' असं सांगा. मग ते काय म्हणतील ते ऐका. प्रश्न 2 मधला रविवार दोन्ही दिवसांत पसरवला तरी सहल पूर्ण होते.

20. शिखरावर लग्नाची मागणी घालायचीय. काही सुचवा.

रविवारी नको, घंटा वाजवायला रांग लावलेले लोक टाळ्या वाजवतील आणि व्हिडिओ काढतील. तेच हवं असेल तर उत्तम. अंगठी वाऱ्यात डबीतून काढू नका, कड्यापासून दूर या.

आणि देवीची गोष्ट माहीत असू द्या. कळसू ही कोळ्याची मुलगी, पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालूनच: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस घरात पाहुणे फार आले आणि पाटलाने तिला नेमकी तीच कामं लावली. ती घर सोडून डोंगरावर निघून गेली ती कायमचीच. जिथे भांडी घासली तो थाळेमेळ, जिथे राहिली ते शिखर. मागणी घालण्याआधी भांड्यांचं काय ते ठरवून घ्या.

21. दोघंच आहोत आणि वर एकाचा पाय मुरगळला, तर?

पावसाळी शनिवार-रविवारी मदत मिळते, टपरीवाले दादा लोक खरोखर धावून येतात. मधल्या वारी अवघड. म्हणून निघताना मुक्कामाच्या घरी सांगा: आम्ही दोघं, अमुक वाजता परत. नंबर द्या आणि घ्या.

मुरगळलं तर बूट काढू नका, सूज आली की परत चढत नाही. वरूनच घट्ट बांधा. चालता येत असेल तर काठी आणि जोडीदाराचा खांदा, शिडीवर दोर लावणारं कुणी मिळेपर्यंत थांबा. चालताच येत नसेल तर 112 किंवा 108 ला फोन करा आणि मुक्कामाच्या घरीही, कारण पहिली माणसं तिथूनच वर येतात. रेंज नसेल तर वाटेवरच्या पहिल्या माणसाकरवी खाली निरोप पाठवा. जखमी माणसाला एकटं सोडून दुसऱ्याने खाली पळत जाणं हा शेवटचा पर्याय. जायचंच असेल तर पाणी, गरम कपडे आणि विजेरी त्याच्यापाशी ठेवून जा. पुढच्या उपचारांसाठी राजूर किंवा घोटी गाठावं लागतं.

22. रविवारी किती वाजता निघावं म्हणजे सोमवारी ऑफिस गाठता येईल?

शेंडीतून दुपारी तीनला. चारनंतर निघालात की कसारा घाट उतरल्यावर शहापूर-भिवंडी पट्ट्यात सगळ्या मुंबईबरोबर रांगेत. एसटीने जाणाऱ्यांनी त्याहून तासभर आधी निघावं, रविवारी घोटीकडे येणाऱ्या गाड्या भरून येतात आणि उभं राहावं लागतं. पुणेकरांना संगमनेर, नारायणगाव, चाकण असे तीन अडथळे आहेत, चाकणला रात्री नऊच्या आत पोचायचं असं धरून मागे हिशोब करा.